सात वर्षांवरचं झाड

दत्ता,

शनिवारी तुझ्यासाठी कार्यक्रम झाला. असला कार्यक्रम करू नका म्हणून तू मला दोनदा सांगून ठेवलं होतंस, आणि मी दोन्ही वेळा 'बघू' म्हणालो होतो. नॉर्थ यॉर्कमधला भाड्याचा हॉल, समोसे, चहा आणि पडद्यावर तुझे फोटो. लॅपटॉपमध्ये काहीतरी अडकलं, त्यामुळे बर्फाच्या ढिगाऱ्यावर फावडं घेऊन उभा असलेला तू दर वीस सेकंदांनी परत येत होतास. मंडळाचे अध्यक्ष बोलले. 'आपल्यातला एक वटवृक्ष कोसळला,' म्हणाले. सडबरीत उणे पस्तीसात सगळी उमर काढलेल्या माणसाला वटवृक्ष म्हणायचं म्हणजे वडाचाही अपमान आणि तुझाही. मग कधीही भरून न निघणारी पोकळी आली. मी तुला कोपर मारायला शेजारी वळलो. त्या खुर्चीवर कुणाचा तरी विंटर कोट ठेवलेला होता.

मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, 'दत्ता माझा मित्र होता' एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, कुलकर्णी गहिवरले. गहिवरलो नव्हतो. पुढचं वाक्य आलंच नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला वाटत नाही. जीभ लावून पाहावं तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. पाच आठवडे माझं तसं चाललं आहे. तुझी लायब्ररीची पुस्तकं परत केली. तुझ्या गाडीचा विमा बंद केला. तुझे तीन स्वेटर तुझ्या लेकीला, मृणालला विचारून देऊन टाकले आणि चौथा न विचारता ठेवून घेतला. या सगळ्यात मला काहीही वाटलं नाही. हे कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. नुसतं सांगतो आहे.

एकच गोष्ट टोचते. मी तुला सडबरीहून इकडे आणलं. ऑक्टोबरात आणलं आणि फेब्रुवारीत तू गेलास. बाकीचं सगळं ज्याचं त्याला वाटून झालं, हे एवढं माझ्या वाटणीला राहिलं आहे.

तू भांडताना तुझ्या शेतकीच्या भाषेत बोलायचास. साताऱ्याकडची शेतकी डोक्यात आणि आयुष्य गेलं निकेलच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, माझ्या शेजारच्या बाकावर, धातूचे नमुने विरघळवण्यात. मी मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा म्हणालो, 'घर विक आणि इकडे कॉन्डो घे,' तेव्हा तू फोनवर म्हणालास, "सात वर्षांवरचं झाड हलवायचं नसतं, कुलकर्ण्या. मुळं निम्मी खालीच राहतात."

"तू झाड नाहीस," मी म्हणालो.

"असं तुला वाटतं," तू म्हणालास, आणि लगेच विषय बदलून सशांवर गेलास.

ते भांडण तिथेच राहिलं. आता त्याचं उत्तर मला एकट्याला शोधायचं आहे आणि तुला ठाऊक आहे, समोर कुणी नसलं की मला वाद घालता येत नाही.

आपण सडबरीत आलो तेव्हा तिथे झाडं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. काळे खडक होते. भट्टीच्या धुराने माती आंबट झालेली. तू तुझ्या मागच्या अंगणातली माती डब्यात घालून प्रयोगशाळेत आणलीस, कंपनीच्या वेळात तिची आम्लता मोजलीस आणि घरी जाऊन पोतंभर चुना पसरलास. गावाने पुढे सगळ्या डोंगरांवर हेच केलं. तुझं नाव त्यात कुठे नाही, आणि असावं असं तुलाही कधी वाटलं नाही. मला मात्र वाटायचं. मी ते बोललो नाही.

मग सफरचंदं. पहिलं झाड सशांनी खाल्लं. बर्फ चढत गेला, ससे बर्फावर उभे राहिले आणि खोडाभोवतीच्या जाळीच्या वरची साल गोल सोलून गेले. दुसरं फेब्रुवारीच्या उन्हाने मारलं. दिवसा खोड तापतं, रात्री गोठतं आणि साल उभी फाटते, हे तू मला त्या मेलेल्या झाडापुढे उभं राहून समजावलंस, जणू माझंच काहीतरी चुकलं होतं. तिसऱ्या वेळी तू मोठ्या सफरचंदाचा नाद सोडलास आणि कॅटलॉगमधून एक जात मागवलीस. फळ लहान, लांबुडकं, लालभडक. चव अशी की कानशिलं दुखावीत. थंडी मात्र वाटेल तेवढी सोसणार. नाव डोल्गो. रशियन शब्द आहे, अर्थ 'लांब', असं मी शब्दकोशात बघून सांगितलं. वेंगुर्ल्याच्या कुमुदवहिनींना शब्दकोशाची गरज नव्हती. वारा सुटला की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या काडीएवढ्या रोपाला म्हणायच्या, "डोल गो बाये, डोल."

त्या रोपाच्या खोडाला तू चुना लावलास. ऊन परतावं म्हणून पांढरा रंग लावतात, इथपर्यंत ठीक होतं. पण तेवढ्यावर तुझं समाधान होईना. खाली वीतभर विटेच्या रंगाचा पट्टाही ओढलास, गेरूसारखा. शेजारचा फिनिश म्हातारा कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिला आणि अदबीने विचारता झाला, हे तुमच्या धर्मात असतं का?

"नाही," तू म्हणालास, "सार्वजनिक बांधकाम खात्यात."

पुढच्या वर्षी त्याने आपल्या चेरीलाही तांबडा पट्टा मारला. म्हणाला, जोखीम कशाला घ्या.

आणि मुरंब्याचं प्रकरण. ते मी शनिवारी सांगायला हवं होतं. गौरी-गणपतीला तुमच्या बेसमेंटमध्ये सडबरीतली आठही मराठी घरं जमली होती. वहिनींनी त्या फळांचा लाल, पारदर्शक मुरंबा केला होता आणि बाटल्यांवर इंग्रजीत नीट लिहिलं होतं: क्रॅब ॲपल. लिमयांच्या पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी चमचा तोंडाजवळ नेला आणि मला विचारलं, "हे काय लिहिलंय हो?" मी भाषांतर केलं. अचूक केलं. "खेकडा सफरचंद," म्हणालो.

चमचा खाली आला. पाच मिनिटांत बातमी सगळ्या बेसमेंटभर गेली. बाई वेंगुर्ल्याची, घातलाही असेल खेकडा, यावर आठपैकी सहा घरांचं एकमत झालं. गणपतीसमोरच्या नैवेद्यातली वाटीसुद्धा कुणीतरी हळूच मागे सरकवली. इंग्रजीत असल्या आंबट रानटी सफरचंदांना तसं नाव आहे आणि त्यात खेकड्याचा काही संबंध नाही, हे मी ओरडून सांगत होतो, पण लोक एकदा किळसले की व्युत्पत्ती ऐकत नाहीत. वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"भावजीनू," त्या म्हणाल्या, "कुर्लेक साखरेत घालूचा पाप मी करूचंय नाय."

तू जिन्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. "मराठी माणसानं झाड लावलं तेही खेकड्याचं," म्हणालास. "आता एक फळ वर चढलं की बाकीची पाय ओढणार." दुसऱ्या दिवशी वहिनींनी बाटल्यांवर 'साखरांबा' असं लिहिलं. त्याच सासूबाई दोन बाटल्या पुण्याला घेऊन गेल्या.

मी नंतर नोकरीसाठी नॉर्थ यॉर्कला आलो, तू राहिलास. दर ऑगस्टच्या शेवटी मी आणि शैला चार तास गाडी हाकत फळं उतरवायला यायचो. दर वर्षी मी म्हणायचो, याला सफरचंद म्हणणं म्हणजे बोराने आडनाव बदलणं. तू फळ चिरायचास, तिखट-मीठ लावायचास आणि माझ्यापुढे ठेवायचास. मी खायचो. हा वाद मी हरत होतो हे मला ठाऊक होतं. पण कबूल केलं असतं तर पुढच्या ऑगस्टला बोलायला काय उरलं असतं?

वहिनी गेल्या त्याला दहा वर्षं झाली. तू एकटा राहायला लागलास, बर्फ शोव्हल करत, रांधत, झाडाला चुना लावत. तू कधी एकटा दिसला नाहीस. शैला गेली त्याला दोन वर्षं झाली. मग तुझा फोन आठवड्यातून एकदा यायचा तो रोज यायला लागला. "काय कुलकर्ण्या, जेवलास का?" "झालं," मी सांगायचो. पुढे तू विचारत नव्हतास.

मागच्या मे महिन्यात तू बेसमेंटच्या पायरीवर घसरलास आणि मनगट मोडून घेतलंस. मला निमित्त मिळालं. मी रोज तेच लावून धरलं. या वयात एकट्याने राहायचं नाही, मृणाल मॉन्ट्रियलला, तुला काही झालं तर कोण आहे, माझ्या बिल्डिंगमध्ये चौदाव्या मजल्यावर एक जागा रिकामी होते आहे. तू ऐकून घ्यायचास आणि सशांवर जायचास. आणि मग ऑगस्टमध्ये, फळं उतरवून झाल्यावर, शिडी आत ठेवता ठेवता तू म्हणालास, "बरं. येतो मी."

इतक्या सहज म्हणालास की मी दोनदा विचारलं. मग मी त्याचं श्रेय माझ्या वक्तृत्वाला दिलं. परतताना गाडीत शिटी वाजवत होतो.

चौदाव्या मजल्यावरून तुला पार्किंग दिसायचं. "व्ह्यू आहे," तू येईल त्याला सांगायचास, "दोनशे गाड्या आणि एक कचऱ्याचा ट्रक." बाल्कनीत तू एकही कुंडी ठेवली नाहीस. मी विचारलं, तर म्हणालास, "कुंडीत काय, कढीपत्ता लावू? तुझ्यासारख्या पुणेकराला शोभेल ते." रोज संध्याकाळी साडेसहाला लिफ्टने खाली माझ्याकडे यायचास, हातात डबा. कधी पिठलं, कधी मटकीची उसळ, भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या. "एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो रे," म्हणायचास. "तुझ्या संगतीनं दोन घास जातात." मी ताटं मांडायचो. मला बरं वाटायचं. मृणालला फोनवर सांगायचो, काळजी करू नकोस, जेवतो तो नीट, मी बघतो ना.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी साडेसहाला तू आला नाहीस. त्याच्या पुढचं तुलाही ठाऊक नाही आणि मलाही सांगायचं नाही. खुर्चीत होतास, एवढं बरं.

चाळीसहून जास्त हिवाळे तू सडबरीत काढलेस, छातीएवढा बर्फ उपसलास, आणि जिथे बर्फ उपसावा लागत नाही अशा जागी चार महिन्यांत गेलास. डॉक्टर म्हणाले, कुठेही झालं असतं. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं. मी रोज सकाळी उठून तुझं वाक्य ऐकतो: मुळं निम्मी खालीच राहतात.

परवा रविवारी मी आणि मृणाल तुझी जागा आवरत होतो. फोटो काढून घ्यायचे म्हणून तिने तुझा फोन चार्जिंगला लावला होता. सकाळी दहाला तो वाजला. मृणालने घेतला, ऐकला आणि माझ्यापुढे धरला. "काका, इट्स समबडी अबाउट द ट्री. तुम्ही बोला, प्लीज."

पलीकडे डनीज होती. तुझं घर घेतलेली बाई, हे मला तिने सांगितल्यावर कळलं. तू दर रविवारी दहाला तिला फोन करायचास हे मला माहीत नव्हतं. पाच रविवार फोन आला नाही, म्हणून शेवटी तिने केला होता. मार्चच्या शेवटी येऊन छाटणी दाखवतो असं तू तिला सांगितलं होतंस. कळ्या फुगायच्या आत करायला हवी ना, तर कधी येताय? मी तिला सांगितलं. कधी, ते तिने विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही कुलकर्णी का?"

मंगळवारी मी सडबरीला गेलो. मृणालला सांगितलं, छाटणीसाठी जातो. तिनेही विश्वास ठेवल्यासारखं केलं. मला त्या बाईला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो फोनवर विचारायचा नव्हता.

डनीज पन्नाशीची आहे, शाळेची बस चालवते. सकाळची फेरी संपवून नुकतीच आली होती, बूट पायांतच होते. मागे अजून गुडघाभर बर्फ होता, पण झाडाभोवती चार फुटांचं गोल रिंगण साफ केलेलं होतं. बर्फ चढला की ससे जाळीच्या वर पोचतात म्हणून तू तिच्याकडून अख्खा हिवाळा ते शोव्हल करून घेतलंस. "बाकी ड्राइव्हवे राहिला तरी चालेल, म्हणायचा," ती म्हणाली. खोडाचा चुना ताजा होता. निघायच्या आदल्या दिवशी लावून गेलास म्हणे. तांबडा पट्टाही. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, खात्याचा नियम आहे.

तिने करवत माझ्या हातात दिली. मी झाडाकडे पाहिलं. दत्ता, तुझ्या शेजारी शिडी धरून मी इतके ऑगस्ट काढले आणि कुठली फांदी कापायची हे मला माहीत नाही.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"तो म्हणाला होता," डनीज म्हणाली. "कुलकर्ण्याला कळत नाही, पण विचारलंस तर सांगेल नक्की."

मी करवत खोडाला टेकवून ठेवली आणि माझा प्रश्न विचारला. घर विकल्याचा त्याला पस्तावा होता का? तसं काही बोलला का कधी? दर रविवारी बोलायचा म्हणता, तर काहीतरी बोलला असेल.

झाडाची आठवण यायची, ती म्हणाली. ते लपवायचा नाही. पण जूनमध्ये घर बघायला ती पहिल्यांदा आली तेव्हाच तिने विचारलं होतं, एवढं जपलेलं सगळं सोडून का जाताय, मनगटामुळे का? तर तू हसलास. मनगट काय, जुळतं, म्हणालास. तिकडे माझा एक मित्र आहे. बायको गेल्यापासून नीट जेवत नाही. फोनवर खोटं सांगतो. त्याला कुणी सांभाळलेलं चालत नाही, त्यामुळे तो मला सांभाळतोय असं त्याला वाटायला हवं. वर्षभर तो मला ये ये म्हणेल याची वाट बघत होतो, आता म्हणायला लागलाय. पण लगेच हो म्हणून चालायचं नाही, संशय येईल. ऑगस्टपर्यंत ओढतो.

तिने हे असं सांगितलं, जणू मला माहीतच असेल.

मी झाडाकडे बघत राहिलो. मला वाटतं, तिथे काहीतरी व्हायला हवं होतं, निदान डोळ्यांत. झालं नाही. थंडी होती, बोटं बधिर झाली होती, आणि मी पाच आठवडे जो खटला मनात चालवत होतो त्यात आरोपी बदलून गेला होता. तू तुझं सगळं सोडून खाली आलास आणि चार महिने रोज संध्याकाळी लिफ्टने उतरून मला जेवू घातलंस, आणि मी ताटं मांडून स्वतःवर खूश होत होतो. तू जे केलंस ते योग्य होतं का, हे मला ठरवता येत नाही. तुझ्याशी त्यावर भांडायला हवं होतं. जन्मभर तुला हरवायचा प्रयत्न करत आलो, आणि सगळ्यात मोठा वाद तू मला कळूही न देता जिंकून गेलास.

फांद्या मी कापल्या नाहीत. तिच्या बसच्या थांब्याजवळ एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांना कलमाचं कळतं, त्यांना ती बोलावणार आहे. तू नसताना मी तुझ्या झाडावर करवत चालवायची नाही, एवढी अक्कल मला आहे.

आम्ही आत आलो. तुझं स्वयंपाकघर आता निळं आहे. डनीजने बूट काढले, शेगडीवरच्या भांड्याचं झाकण उचललं, वाटाण्याच्या सूपचा वास आला. पळी हातात घेऊन ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवलात का तुम्ही?"

दोन वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. तुला दिलं, मृणालला दिलं, शनिवारी हॉलमध्ये निदान दहा जणांना दिलं.

"नाही," मी म्हणालो.